नाशिकहून कुप्यासाठी: खोल समुद्रातल्या एका दिवसाची पूर्ण तयारी

कुपा, म्हणजे ट्यूना मासा, गळाने पकडायला कोकणातून निघणारी बोट पहाटे पाचला धक्का सोडते आणि दुपारचे खारे वारे जोर धरायच्या आत, म्हणजे बारा-एकपर्यंत परत येते. जाण्यायेण्याचा वेळ वजा केला तर गळ पाण्यात असतो जेमतेम चार तास. हलत्या बोटीवर, ओल्या हातांनी, समोर मासा उसळत असताना नवी गाठ शिकता येत नाही आणि ड्रॅगही (किती ओढ बसली की रीळ लाइन सोडतं ते) मोजता येत नाही. म्हणून बंदर शेकडो किलोमीटर दूर असलं तरी या सहलीचं बरंचसं काम नाशिकमध्ये, घरच्या टेबलावर उरकायचं असतं. ते कसं, आणि पुढे पाण्यावर काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

कोणता ट्यूना, आणि कुठला

कोकणात ट्यूनाला सरसकट कुपा किंवा गेदर म्हणतात, पण जाती वेगळ्या आहेत आणि त्यावरच सामान ठरतं. किनाऱ्यापासून एका दिवसात गाठता येणाऱ्या पाण्यात मुख्यतः छोटा कुपा भेटतो. पाठीवर नागमोडी पट्टे आणि छातीच्या पराखाली काही काळे ठिपके, ही त्याची खूण. वजन साधारण २ ते ५ किलो. दुसरा लांब शेपटीचा ट्यूना. अंगाने सडसडीत, पोटावर फिकट लंबगोल ठिपके, आणि वजनाने छोट्या कुप्यापेक्षा बराच मोठा होणारा. पोटावर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे काळे पट्टे असतील तर तो स्किपजॅक. पिवळ्या पराचा मोठा ट्यूना, ज्याचे फोटो पाहून बहुतेकांना ही हौस लागते, तो खोल निळ्या पाण्यातला.

इथे भूगोल आडवा येतो. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत उथळच राहते, खरी खोली त्यापलीकडे सुरू होते. दक्षिणेला, सिंधुदुर्गाकडे जाताना ही कड किनाऱ्याच्या जवळ येते. तरीही एका दिवसाच्या बोटीला ती लांबच. त्यामुळे मुंबई-अलिबागच्या बाजूने कोणी ‘दिवसभरात मोठा पिवळा ट्यूना नक्की’ असं सांगत असेल तर तिथे पैसे भरू नका. रत्नागिरी, देवगड, मालवणच्या पट्ट्यात छोटा कुपा, लांब शेपटीचा ट्यूना आणि जोडीला सुरमई, हे प्रामाणिक उद्दिष्ट आहे. चार किलोचा कुपासुद्धा पहिल्या धावेत शंभर मीटर लाइन घेऊन जातो, त्यामुळे हा दुय्यम प्रकार आहे असं मुळीच समजू नका.

मोठ्या ट्यूनासाठी अंदमान गाठावं लागतं. तिथे बेटांपासून थोड्याच अंतरावर तळ खोल जातो. लक्षद्वीपमध्ये स्किपजॅकची परंपरागत काठीने होणारी मासेमारी बघण्यासारखी आहे, मात्र तिथे जायला प्रवेश परवाना आधी काढावा लागतो. पुढचं सगळं कोकणातल्या सहलीसाठी आहे. मोठ्या माशासाठी कुठे काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

महिना आणि दिवस

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडतात, पण पाणी शांत व्हायला ऑक्टोबरचा मध्य उजाडतो. तिथून मार्चपर्यंतचा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये वारा आणि लाटा दोन्ही वाढतात.

दिवस निवडताना इन्कॉइस या हैदराबादच्या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज पाहा. हीच संस्था संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचनाही देते. त्यात बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली दिलेली असते. ही माहिती उपग्रहाने मोजलेल्या पाण्याच्या तापमानावर आणि हरितद्रव्यावर आधारलेली असते. गार आणि उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडतं तिथे बारीक मासळी जमते, आणि तिच्यामागे कुपा येतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती सूचना तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) दाखवा, पण शेवटचा शब्द त्याचा. लाटेची उंची दीड मीटरच्या वर दाखवत असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तारीख पुढे ढकलावी. हवामान खात्याने मच्छीमारांना इशारा दिला असेल तर प्रश्नच मिटला.

बोट ठरवताना विचारायचे प्रश्न

मासेमारीचा परवाना आणि भाड्याने प्रवासी नेण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी आहे का ते स्पष्ट विचारा आणि कागद बघा. विमा प्रवाशांनाही लागू आहे का, हेही. माणशी एक लाइफ जॅकेट, चालू स्थितीतला व्हीएचएफ वायरलेस (संकटासाठी चॅनल १६), जीपीएस, आणि शक्यतो दोन इंजिनं. यातल्या पहिल्या तीन बाबतींत तडजोड नको. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक फोनमध्ये साठवा, मात्र खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते हे धरूनच चाला. प्रत्येकाने आधार कार्ड जवळ ठेवावं. समुद्रात तपासणी होते.

पैशांचं बोलणं करताना वाद होतो तो चार मुद्द्यांवर. डिझेल भाड्यात धरलंय का? तास धक्क्यापासून मोजायचे की मासे असलेल्या जागेपासून? हवामानामुळे रद्द झालं तर आगाऊ रकमेचं काय? आणि पकडलेला मासा कोणाचा? हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. एका बोटीवर एकाच वेळी चारपेक्षा जास्त जणांनी गळ फेकू नये. सहा जण असाल तर पाळ्या लावा, नाहीतर लाइनींचा गुंता होतो आणि मागे फेकलेली गरी कोणाच्या तरी कानाला लागते.

सामान

छोट्या कुप्यासाठी ७ ते साडेसात फुटांचा स्पिनिंग रॉड, ६००० ते ८००० आकाराचं रीळ, पीई ३ जाडीची (पीई हे लाइनच्या जाडीचं माप) विणलेली ब्रेड लाइन किमान ३०० मीटर, आणि पुढे ४० ते ६० पाउंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे आमिषाजवळचा लाइनचा तुकडा, दीड ते दोन मीटर. नेहमीचं तंगूस लीडर म्हणून चालतं, पण फ्लुरोकार्बन घासण्याला जास्त टिकतो आणि पाण्यात कमी दिसतो. कुप्याची नजर फार तीक्ष्ण असते. मोठ्या पिवळ्या ट्यूनासाठी हेच गणित १४००० ते २०००० रीळ, पीई ६ ते ८ लाइन, १०० पाउंडांपुढचा लीडर असं होतं.

ब्रेड रिळावर चढवण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ब्रेड गुळगुळीत असते. ती सरळ स्पूलवर बांधली तर ताण येताच सगळी गोल फिरते आणि ड्रॅग बिघडलाय असं वाटतं. त्यामुळे आधी तंगुसाचे १०-१५ वेढे द्या, मग ब्रेड. चढवताना ओल्या फडक्यातून घट्ट धरून ओढा. सैल चढवलेली लाइन मासा धावला की खालच्या वेढ्यांत रुतते आणि तटकन तुटते. स्पूलची कड २ मिलिमीटर मोकळी राहील इतकीच लाइन भरा.

आमिष म्हणून ४० ते ८० ग्रॅमच्या धातूच्या चकचकीत जिग, आणि त्याखेरीज २० ते ३० ग्रॅमच्या अगदी लहान चार-पाच जिग घ्याच. कुपा पुष्कळदा बोटभर मांदेलीच्या पिलांवर तुटून पडलेला असतो आणि तेव्हा मोठ्या आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही. मोठ्या जिग फेकफेकून रिकाम्या हाताने परतण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. तिहेरी गऱ्या काढून एकेरी गऱ्या लावा आणि गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. कुपा गळाला लागल्यावर लाइन ताणलेलीच असते, त्यामुळे काटा दाबल्याने मासे फारसे सुटत नाहीत. आणि गरी हातात घुसलीच तर धक्क्यावर येईपर्यंत थांबावं लागत नाही.

एफजी गाठ, शांतपणे

ब्रेड आणि लीडर जोडणारी ही गाठ बारीक असते, रॉडच्या कड्यांतून न अडकता जाते आणि लाइनची ताकद फारशी कमी करत नाही. सगळी पकड विणीवर असते, म्हणून विण नीट बघा.

रॉड खुर्चीला बांधा आणि ब्रेडचं टोक दातांत किंवा दुसऱ्या खुर्चीला अडकवून ती वीणेच्या तारेसारखी ताठ करा. लीडरचं टोक ब्रेडच्या वरून पलीकडे न्या, खालून वर आणा. पुढचा फेरा उलटा, खालून पलीकडे आणि वरून परत. असे एकाआड एक २० फेरे द्या. प्रत्येक फेरा आधीच्याला चिकटून बसला पाहिजे, वेढ्यांवर वेढा चढता कामा नये. विण बोटांत चिमटीत धरून ब्रेडच्या सुट्या टोकाने लीडर आणि मुख्य ब्रेड दोन्हींवर एक अर्धी गाठ मारा. आता थुंकीने ओलं करा, हातमोजे घाला आणि ब्रेड व लीडर विरुद्ध दिशांना सावकाश, जोर वाढवत ओढा. विण आकसते आणि ब्रेडचा रंग गडद होतो. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही, ती समुद्रात सुरकन निसटणार. पुन्हा दोन अर्ध्या गाठी, मग लीडरचं टोक विणीपासून १ मिलिमीटरवर कापा, आणि उरलेल्या मुख्य ब्रेडवर चार-पाच अर्ध्या गाठी मारून संपवा.

चाचणी घरचीच. बादलीत १५ लिटर पाणी घ्या, कडी लीडरला बांधा आणि ब्रेड जाड काठीला गुंडाळून बादली दोन मिनिटं उचलून धरा. हाताला थेट लाइन गुंडाळू नका, कापते. गाठ निसटली तर फेरे सैल होते, तुटली तर ओलं न करता ओढल्याने लाइन तापली होती. आठवडाभर रोज संध्याकाळी तीन गाठी मारल्या की हात बसतो. निघताना प्रत्येक रिळावर लीडर जोडूनच न्या, आणि दोन जादा लीडर बांधून ठेवा.

ड्रॅग मोजून लावा

अंदाजाने लावलेला ड्रॅग हा दुसरा मोठा घात. लाइनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याइतका ड्रॅग सुरुवातीला ठेवतात. पीई ३ ची ताकद २० किलोच्या आसपास, गाठीत थोडी कमी होते, म्हणून साडेचार किलो ठीक. विमान प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा लीडरला अडकवा, एकाने रॉड ४५ अंशांत धरावा आणि दुसऱ्याने सरळ ओढावं. लाइन सुटायला लागते त्या क्षणी काटा काय दाखवतो ते बघून नॉब फिरवा. रॉड सरळ रोखून मोजलं तर कड्यांचं घर्षण धरलं जात नाही आणि आकडा फसवा येतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मासा लाइन घेऊन जातो तसा स्पूलचा घेर कमी होतो आणि नॉबला हात न लावताही ओढ वाढते. घेर निम्मा झाला तर ओढ दुप्पट. म्हणजे मासा लांब गेल्यावर घाबरून ड्रॅग आवळणं ही लाइन तोडण्याची खात्रीची रीत आहे.

फेकायचा सराव शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, गऱ्या काढून, ४० ग्रॅमच्या जिगने करा. ४० मीटरवर ठेवलेल्या पोत्याजवळ दहापैकी सात वेळा जिग पडली की पुरे.

प्रवास आणि पोट

नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस थेट रत्नागिरीला नेते. रॉड दोन तुकड्यांचे असतील तर पीव्हीसीच्या चार इंची पाइपात, टोकांना बुच लावून सीटखाली राहतात. मासे घेऊन परतायचं असेल तर मात्र आपली मोटारच बरी, कारण बर्फाची पेटी वाटेत उघडून बघता येते. आदली रात्र बंदरावर झोपून काढायची, रात्रभर गाडी चालवून थेट बोटीत चढायचं नाही. अपुरी झोप हे बोट लागण्याचं मोठं कारण आहे.

उलटीचं औषध डॉक्टरांना विचारून घ्या, आणि ते त्रास सुरू झाल्यावर नव्हे, तर निघण्याच्या तासभर आधी. आदल्या दिवशी झणझणीत मिसळ आणि दारू दोन्ही वर्ज्य. पहाटे अगदी उपाशीही राहू नका, केळं आणि सुकी पोळी पुरते. माणशी ४ लिटर पाणी, त्यातलं लिटरभर मीठ-साखर-लिंबाचं. मळमळ सुरू झाली तर क्षितिजाकडे बघत बोटीच्या मधोमध उभं राहा, फोनकडे बघू नका आणि डिझेलच्या वासापासून दूर व्हा.

पाण्यावर

पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून येतात तोवर पाणी सपाट असतं. याच वेळात पक्षी शोधायचे. सुरय पक्षी एकाच जागी घिरट्या घालून सुळकन बुडी मारत असतील तर खाली मासळी आहे. नुसते पाण्यावर बसलेले असतील तर खेळ संपलाय किंवा अजून सुरू व्हायचाय. पाणी उकळल्यासारखं दिसतं, मध्येच काळसर निळी पाठ चमकते, तो थवा.

आता घाईने सगळं बिघडतं. तांडेलाला आधीच सांगून ठेवा की थव्यात बोट घालायची नाही. वाऱ्याच्या वरच्या बाजूने वळसा घालून थव्याच्या पुढे यायचं, ५० मीटरवर इंजिन न्यूट्रलला टाकायचं आणि वाऱ्याबरोबर वाहत जायचं. जिग थव्याच्या मधोमध न टाकता त्याच्या वाटेवर, पुढे टाका. पाण्याला लागताच जमेल तितक्या वेगाने गुंडाळा. कुप्याच्या बाबतीत फार वेगात ओढलं असं जवळजवळ होत नाही. तीन फेकींत काही नाही तर जिग लहान करा. थवा बुडाला तर जिग १५-२० मीटर खाली जाऊ द्या आणि वर ओढत आणा.

पक्षी नसतील तर ५ ते ७ नॉट वेगाने ट्रोलिंग करा, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत न्या, तीन आमिषं मागे १५, २५ आणि ३५ मीटरवर. एकाला मासा लागला की बाकीची लगेच ओढू नका, थवा असेल तर दुसराही लागतो. मग मात्र उरलेली लाइन ताबडतोब आत घ्या.

डॉल्फिन कुप्याच्या थव्याबरोबर दिसले तर तिथे गळ टाकायचा नाही. डॉल्फिन आणि समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, आणि त्यांना गरी लागू न देणं ही आपली जबाबदारी आहे.

मासा लागल्यावर पहिली धाव त्याची. रॉड ४५ अंशांत धरा आणि नुसतं उभं राहा. हँडल फिरवू नका, त्याने लाइनला पीळ पडतो. धाव थांबली की रॉड हळू उचला आणि खाली आणताना गुंडाळा. उचल छोटी, फूट-दीड फुटाची. रॉड डोक्यावर नेला तर मोडू शकतो. बोटीजवळ आल्यावर कुपा खाली गोल फिरायला लागतो. या वेळी बहुतेक मासे सुटतात, कारण लाइन बोटीच्या काठावर किंवा पंख्यावर घासते. माशाबरोबर आपणही काठाने सरका, लाइन नेहमी बोटीपासून दूर. फेऱ्यात तो वर येत असतो तेव्हाच गुंडाळा, खाली जाताना फक्त धरून ठेवा. लहान कुपा जाळीत घ्या, मोठ्याच्या डोक्यात दांड्याचा आकडा (हुक) अडकवा. लीडर धरून उचलायला जाऊ नका.

रक्त आणि बर्फ

कुपा चवीला काळपट, उग्र लागतो अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा रक्त न काढलेला, नीट थंड न केलेला कुपा खाल्लेला असतो. ट्यूनाचं अंग आसपासच्या पाण्यापेक्षा गरम असतं आणि झुंजीत आणखी तापतं. द्राक्षं तोडल्यावर शेतातली उष्णता काढायला आधी प्री-कूलिंगला नेतात आणि मग कोल्ड स्टोअरेजला, ते नाशिकच्या माणसाला सांगायला नको. इथेही तेच, फक्त वेळ मिनिटांत मोजायची.

मासा ओल्या गोणपाटावर ठेवा, आपटू देऊ नका. डोळ्यांच्या थोडं वर-मागे, मधोमध मऊ जागा असते, तिथे टोकदार सळई घाला. अंगाला एक झटका बसून तोंड उघडं पडतं आणि मासा ढिला होतो. लगेच छातीच्या पराच्या मुळापासून दोन बोटं मागे, दोन्ही बाजूंना, साधारण १ सेंटिमीटर खोल उभा छेद द्या. मोठी रक्तवाहिनी तिथे कातडीखालीच असते. कल्ल्यांमागचा पडदाही कापा. बादलीत समुद्राचं पाणी घेऊन मासा डोकं खाली करून पाच ते दहा मिनिटं ठेवा. पाणी लाल होणं थांबलं की कल्ले आणि आतडी काढा, पोकळी समुद्राच्या पाण्याने धुवा.

७० लिटरच्या पेटीत फोडलेला बर्फ २५ किलो आणि समुद्राचं पाणी १२ लिटर, हे सरबत धक्का सोडतानाच तयार हवं. पाणी न घातलेल्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, सरबत माशाला सगळीकडून चिकटतं आणि खारं असल्याने शून्याच्याही थोडं खाली जातं. हिशेब असा: ते १२ लिटर पाणी गार करायलाच ४ किलो बर्फ जातो, आणि १२ किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला आणखी ४. उरलेला बर्फ उन्हाशी लढायला. यापेक्षा कमी घेतला तर दुपारी पेटीत कोमट पाणी मिळतं.

हा फक्त चवीचा प्रश्न नाही. कुपा उबदार राहिला तर जिवाणू त्याच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून, तळून किंवा पुन्हा गोठवून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत तोंड लाल होणं, खाज, डोकेदुखी, धडधड सुरू होते. असं झालं तर डॉक्टरांकडे जा आणि मासा खाल्ल्याचं आवर्जून सांगा.

घरी आणणे

धक्क्यावर आल्यावर स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर माशाच्या सर्वांत जाड भागात मणक्यापर्यंत खुपसा. ४ अंशांच्या खाली आकडा आला असेल तरच पॅक करायला घ्या, नाहीतर अजून तासभर सरबतात ठेवा. मग सरबत ओतून टाका. मासे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत खाली बर्फ, मध्ये मासा, वर बर्फ असा थर लावा. बर्फ माशाच्या वजनाच्या दुप्पट. पेटीचं बूच उघडं ठेवा म्हणजे वितळलेलं गोडं पाणी वाहून जाईल. त्यात भिजलेलं मांस पांढुरकं आणि पचपचीत होतं. वाटेत मुंबईच्या आसपास, कसारा घाट चढण्याआधी, एकदा बर्फाची भर घाला.

घरी प्रत्येक बाजूच्या मांसातली गडद लाल पट्टी वेगळी काढा. उग्रपणा तिच्यातच जास्त असतो. बाकीचे तुकडे दोन दिवसांत संपवा किंवा हवा काढून गोठवा. कच्चा खाऊ नका, घरच्या फ्रीझरचं तापमान परजीवींसाठी पुरेसं खाली जात नाही.

दुसऱ्या दिवशी सामान. रिळाचा ड्रॅग आधी घट्ट आवळा, म्हणजे पाणी वॉशरपर्यंत जाणार नाही. नळाच्या धारेखाली धरू नका, दाबाने खारं पाणी आत ढकललं जातं. हलक्या फवाऱ्याने धुवा, सावलीत वाळवा. जिग आणि गऱ्या साध्या पाण्यात तासभर बुडवून पुसा. लाइनचे पुढचे ५ मीटर बोटांतून सरकवून बघा, कुठे खरखरीत लागलं तर तिथपर्यंत कापून टाका. शेवटी ड्रॅग पूर्ण सैल करूनच रीळ कपाटात ठेवा. आवळलेला राहिला तर वॉशर चपटे होतात आणि पुढच्या खेपेला लाइन धक्के देत सुटते.